‘भाविक’ की ‘माविक’?

दोस्तांनो, संगणकावर अक्षरं सजवायला कुणाला आवडत नाही? सोनेरी अक्षरं, सावली पडलेली अक्षरं, कागदातून वर उठल्यासारखी अक्षरं! वहीच्या वेष्टनावर, वाढदिवसाच्या कार्डावर, शाळेच्या हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर ती किती छान दिसतात! आज आपण ती तयार करायची युक्ती शिकू या. पण नुसती गंमत म्हणून नाही बरं का. आज आपल्याला एक कामाची पाटी करायची आहे.

समजा, तुम्ही शेळगावात राहता. हे शेळगाव पुणे जिल्ह्यातलं, इंदापूर तालुक्यातलं, बारामती-इंदापूर रस्त्याजवळचं. दर वर्षी जून-जुलैच्या सुमारास संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते. बारामती झाली की सणसर, मग बेलवाडीचं गोल रिंगण, मग अंथुर्णे. तिथून शेळगाव फाटा मागे टाकत पालखी निमगाव केतकीला जाते. टाळ-मृदंगाचा गजर, डोक्यावर तुळशीवृंदावनं आणि चालणारी हजारो माणसं!

आता समजा, फाट्याजवळ पाण्याची सोय तुमच्या वर्गाकडे आहे. पिंप भरले, पेले आणले. राहिली फक्त पाटी. बाई म्हणाल्या, ‘‘पाटी संगणकावर करा. छान करा!’’ पाटीवर मजकूर एवढाच:

भाविकांसाठी पिण्याचे पाणी

सोपं आहे ना? तुम्ही भराभर अक्षरं टाइप केली. लाल रंग दिला. भोवती जाड पिवळी कड दिली. त्यावर काळी सावली दिली. मग चमक दिली. आणि दूर उभं राहून पाहिलं, तर पाटीवर दिसतंय ‘माविकांसाठी’!

असं कसं झालं? ‘भ’ आणि ‘म’ शेजारी शेजारी लिहून पाहा. ‘म’च्या डोक्यावरची रेघ सलग असते. ‘भ’च्या डोक्यावर डावीकडे मोकळी जागा असते. ती एवढीशी फट हीच ‘भ’ची मोठी ओळख. जाड कडेनं ती फट बुजवली, की लांबून ‘भ’चा ‘म’ झालाच म्हणून समजा. ‘ध’ आणि ‘घ’ यांचंही तसंच. ‘धन्यवाद’ लिहायला जावं आणि ‘घन्यवाद’ दिसावं! ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ बुजली, तर ‘ब’चा ‘व’ होतो. ‘ष’ची रेघ बुजली, तर ‘ष’चा ‘प’.

तुम्ही म्हणाल, ‘‘त्यात काय? लोक समजून घेतील!’’ घरात बसून वाचणारा समजून घेईलही. पण वारकरी पाटी वाचायला थांबत नाही. तो चालता चालता, गर्दीतून मान वर करून, दोन-तीन सेकंदांत ती वाचतो. एखादी आजी मोठेपणी अक्षरं शिकलेली असते. ती एकेक अक्षर लावून वाचते. पाटी कळेपर्यंत ती पुढे गेली, की पाणी मागे राहिलं. म्हणून आजचा आपला नियम असा: आधी अक्षर, मग अलंकार.

पेंटरकाकांची युक्ती

संगणकाच्या कितीतरी आधीपासून सजवलेली अक्षरं आपल्या आसपास आहेत. दुकानाच्या जुन्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, तालमीची भिंत आठवा. पेंटरकाका आधी खडूनं दोन आडव्या रेघा मारतात. त्यांच्यामध्ये अक्षरं आखतात, रंग भरतात. मग अक्षराच्या खाली आणि एका बाजूला गडद रंगाची पट्टी ओढतात. त्याला ते ‘शेड देणं’ म्हणतात. शेवटी वरच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक बारीक फटकारा. झालं! सपाट पत्र्यावर अक्षर जाडजूड दिसायला लागतं.

ही विद्या किती पुढे जाऊ शकते, ते कमल शेडगे (१९३५ ते २०२०) यांच्या कामात दिसतं. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली, मासिकांच्या मुखपृष्ठांवरची शेकडो शीर्षकं त्यांनी हातानं रेखाटली. नाटक गंभीर असेल तर अक्षरं गंभीर, विनोदी असेल तर अक्षरंही खट्याळ! ‘माझी अक्षरगाथा’ हे त्यांचं पुस्तक वाचनालयात मिळालं तर जरूर चाळा.

मग संगणक आला. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकी भावांनी लिहिलेली ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली. १९९५ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ लिहायला घेतली. गिंप फुकट मिळते, विंडोजवर चालते, लिनक्सवरही चालते. म्हणून शाळेच्या संगणकासाठी आपण तीच घेऊ.

गंमत ठाऊक आहे? सुरुवातीच्या फोटोशॉपमध्ये सावलीचं तयार बटण नव्हतं. लोक सावली हातानंच करायचे. त्याच अक्षराची दुसरी प्रत काढायची, ती काळी करायची, थोडी सरकवायची, धूसर करायची आणि मूळ अक्षराच्या खाली ठेवायची. तयार बटणं आली ती १९९८ साली, पाचव्या आवृत्तीत. म्हणजे बटणाच्या पोटातही पेंटरकाकांचीच युक्ती!

एकावर एक कागद

ही युक्ती नीट समजून घेऊ. त्यासाठी संगणक नकोच. तीन रंगांचे घोटीव कागद घ्या. लाल कागदातून एक अक्षर कापा. तेच अक्षर पांढऱ्या कागदातून कापा, पण सगळ्या बाजूंनी थोडं मोठं. तेवढंच मोठं अक्षर काळ्या कागदातूनही कापा. आता सगळ्यांत खाली काळं ठेवा, जरासं उजवीकडे आणि खाली सरकवून. त्यावर पांढरं. त्यावर लाल. पाहिलंत? काळी झाली सावली, पांढरी झाली कड आणि लाल झालं अक्षर.

संगणकात या कागदांना ‘लेयर’ म्हणतात. पारदर्शक कागदाचे थर समजा. वरच्या थरात जिथं काही काढलेलं नाही, तिथून खालचा थर दिसतो. बहुतेक सगळी अक्षर-सजावट म्हणजे एकाच शब्दाचे असे दोन-चार थर.

चला, करून पाहू

१. नवं चित्र उघडा. पाटी ३ फूट रुंद आणि २ फूट उंच हवी आहे. दर इंचाला १०० ठिपके धरले, तर चित्र ३६०० ठिपके रुंद आणि २४०० ठिपके उंच हवं. लहान चित्र करून मागाहून ताणू नका. ताणलं की अक्षरांच्या कडांना जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. पार्श्वभूमीला फिकट पिवळा रंग द्या.

२. ‘टेक्स्ट’चं हत्यार घ्या आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. ठसा जाड पण मोकळ्या पोटाचा निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे ठसे फुकट मिळतात. त्यांचाच ‘मोदक’ नावाचा ठसा फारच गमतीदार आहे. त्यातली अक्षरं मोदकासारखी फुगलेली! एखाद्या छोट्या शब्दासाठी तो छान, पण रस्त्यावरच्या सगळ्या ओळींसाठी नको. अक्षरांना गडद निळा रंग द्या.

३. आता कड. अक्षरांच्या लेयरवर उभे राहा. ‘लेयर’ यादीत ‘ट्रान्सपरन्सी’, त्यात ‘अल्फा टू सिलेक्शन’ निवडा. अक्षरांभोवती मुंग्यांची रांग चालल्यासारखी रेघ दिसेल. मग ‘सिलेक्ट’ यादीतून ‘ग्रो’ निवडा आणि १० ठिपके लिहा. मुंग्यांची रांग अक्षरापासून जराशी दूर जाईल.

४. एक नवा रिकामा लेयर घ्या आणि तो अक्षरांच्या खाली सरकवा. त्यात पांढरा रंग भरा. झाली कड! आता ‘भ’ची फट तपासा. बुजली असेल तर मागे या आणि १०च्या जागी ६ लिहा. कडेचा रंग अक्षराच्या रंगापेक्षा खूप वेगळा ठेवला, की फट फटच दिसते. निळ्या अक्षराला काळी कड दिलीत, तर मात्र ती हमखास बुजणार.

५. सावलीसाठी याच कडेच्या लेयरची प्रत काढा आणि तिला करडा रंग द्या. ती कडेच्याही खाली ठेवा. १५ ठिपके उजवीकडे, १५ ठिपके खाली सरकवा. ‘गॉशियन ब्लर’नं थोडी धूसर करा. ‘फिल्टर्स’ यादीत ‘ड्रॉप शॅडो’ हे तयार बटणही आहे. पण एकदा तरी हातानं करा. मग बटण काय करतं, ते कळतं.

सावली उजवीकडे आणि खालीच का? उजेड वरून, डावीकडून येतोय असं आपण मानलं, म्हणून. बाजू कुठलीही चालेल, पण एका पाटीवरच्या सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडल्या पाहिजेत. सूर्य एकच असतो ना! वर-खालीचं मात्र सांभाळा. सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे उजेड वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो. उठावाच्या अक्षराचं चित्र फिरवून उलटं धरा. फुगलेलं अक्षर बऱ्याचदा आत दबल्यासारखं दिसतं. अक्षर तेच, मेंदूचा हिशोब बदलला!

देवनागरीची पथ्यं

अक्षर-सजावटीचे बरेच धडे इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेले असतात. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात. आपली अक्षरं मात्र शिरोरेखेला धरून, हातात हात घालून चालतात. त्यामुळे आपली पथ्यं वेगळी.

पहिलं पथ्य: अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शब्द ऐसपैस पसरला तरी चालतो. आपला पसरला की शिरोरेखेचे तुकडे होतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जागा भरायची असेल, तर अक्षरं मोठी करा.

दुसरं पथ्य: कड देण्याआधी पूर्ण शब्द एक करा. काही आज्ञावल्या एकेका अक्षराला वेगळी कड देतात. मग दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेखेत उभ्या चिरा दिसतात. आपण वर तिसऱ्या पायरीला सगळ्या शब्दाभोवती एकच रांग काढली, ती याचसाठी.

तिसरं पथ्य: कमान करताना पूर्ण शब्द वाकवा. अक्षरं सुटी सुटी फिरवली, तर शिरोरेखा मोडकी दिसते. शब्दाचं चित्र करून ते ‘कर्व्ह बेंड’नं वाकवलं, तर ती धनुष्यासारखी सुरेख वाकते.

चौथं पथ्य: उभ्या ओळीत लिहायचं असेल, तर जोडाक्षर फोडू नका. ‘स्वागत’ उभं लिहिताना ‘स्वा’, ‘ग’, ‘त’ अशी तीनच घरं. ‘स्’ वर आणि ‘वा’ खाली, असं नाही!

पाचवं पथ्य: सजवण्याआधी आज्ञावलीची परीक्षा घ्या. त्यासाठी एक छान शब्द आहे, ‘वारकऱ्यांचे’. यातला ‘ऱ्या’ पाहा. ‘सूर्य’ शब्दातला र डोक्यावर बसतो, पण ‘वारकऱ्या’तला र आडवा, पापणीसारखा येतो. ठसा किंवा आज्ञावली कच्ची असेल, तर ती इथंच अडखळते. दुसरा शब्द ‘पिण्याचे’. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची खास सोय निवडली नाही, तर ‘पि’ची वेलांटी ‘प’च्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. मोबाइलवरच्या काही सजावटीच्या ॲपमध्येही असं होऊ शकतं. असं दिसलं, की कितीही सोनं चढवा, शब्द चुकलेलाच. आधी साधन बदला.

मराठी अक्षरं संगणकावर नीट उमटावीत म्हणून थोरामोठ्यांनी खूप खपून काम केलं आहे. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी ठसा रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६ ते २००८) यांनी घडवला. ते अक्षरांचे चित्रकार आणि मुंबईच्या आयआयटीत शिक्षक होते. एवढ्या कष्टानं घडवलेलं अक्षर आपण घाईघाईत मोडायचं का?

तांब्याची अक्षरं

आता थोडी चैन करू. पाटीवरचा एकच शब्द सजवायचा, ‘पाणी’. तोही तांब्याच्या हंड्यासारखा!

आधी स्वयंपाकघरात जा आणि चिंचेनं घासलेला तांब्या नीट निरखा. तो सगळीकडे एकाच रंगाचा दिसतो का? नाही. कुठं जवळजवळ पांढरी चमक, कुठं नारिंगी, कुठं गडद तपकिरी. चकचकीत धातू हा एक प्रकारचा आरसाच असतो. वरचा उजेड, खालची जमीन, मधली खिडकी, सगळं त्यात उमटतं. म्हणून धातूचा भास एका रंगानं होत नाही. रंगांचे पट्टे लागतात.

गिंपमध्ये ‘ग्रेडियंट’चं हत्यार असतं. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाण्याचं ते साधन. ‘पाणी’ शब्दाच्या लेयरवर ‘अल्फा टू सिलेक्शन’ करा. त्यावर एक रिकामा लेयर घ्या आणि वरून खाली असे रंग द्या: तपकिरी, नारिंगी, फिकट पिवळसर, मग एकदम गडद तपकिरी आणि पुन्हा नारिंगी. फिकट रंगाला लागून एकदम गडद रंग आला, की तिथं क्षितिजाची रेघ उमटल्यासारखी दिसते. चमक तिथंच निर्माण होते. सगळे रंग हळूहळू बदलले, तर अक्षर तांब्याचं न दिसता गाजराच्या हलव्याचं दिसेल!

बाकीचे शब्द साधेच ठेवा. घरात लग्न असलं म्हणजे सगळेच मुंडावळ्या बांधत नाहीत. पाटीवरही एकच शब्द नवरदेव. सगळेच चमकले, तर डोळ्यांनी पाहायचं कुणाकडे?

पाटीच्या चार परीक्षा

पाटी छापायला देण्याआधी या चार परीक्षा घ्या.

पहिली, नखाची. पडद्यावर चित्र अंगठ्याच्या नखाएवढं लहान करा. ‘पाणी’ वाचता येतंय? मग दुरूनही वाचता येईल.

दुसरी, करड्या रंगाची. चित्राची प्रत काढून सगळे रंग काढून टाका. लाल अक्षर आणि हिरवी पार्श्वभूमी रंगीत असताना झकास दिसतात, पण करड्यात बऱ्याचदा एकमेकांत विरघळतात. काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात तर कुणालाच रंग नीट दिसत नाहीत. गडद-फिकट फरकच तेव्हा कामाला येतो.

तिसरी, फुटपट्टीची. एक ढोबळ हिशोब लक्षात ठेवा. दर १० फुटांना अक्षराची उंची १ इंच. ५० फुटांवरून वाचायचं, तर अक्षर ५ इंच उंच हवं. ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा. वेलांट्या, मात्रा, उकार यांची जागा वेगळी धरा. मजकूर मावत नसेल, तर अक्षरं लहान करू नका, शब्द कमी करा. ‘आमच्या वर्गातर्फे सहर्ष सादर’ हे काढून टाका आणि तिथं बाण काढा. तहानलेल्या माणसाला बाण हवा असतो.

चौथी, आजीची. ही सगळ्यांत मोठी. पाटीवर काय लिहिलंय ते न सांगता, एखाद्या आजीला किंवा नुकतंच वाचायला शिकलेल्या धाकट्या भावाला लांबून पाटी दाखवा आणि मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा. त्यांनी वाचलं, तर तुम्ही पास. त्या अडखळल्या, तर त्यांना काही समजावून सांगू नका. वारीच्या वाटेवर समजावून सांगायला तुम्ही प्रत्येक पाटीखाली उभे नसाल! निमूटपणे संगणकाकडे जा आणि एक अलंकार उतरवा. बहुतेक वेळा तो जाड कडेचा किंवा काळ्याकुट्ट सावलीचा असेल.

पालकांसाठी दोन शब्द. अशा कामात मुलांना ‘किती छान!’ म्हणण्याआधी ‘मला हे वाचता येतंय का?’ असं स्वतःला विचारा आणि खरं उत्तर द्या. एखादा शब्द लागत नसेल, तर तसं सांगा. मुलांना राग येईल थोडा, पण पाटी सुधारेल.

आणखी एक. पाटीवर साल घालू नका. सहीसलामत पाटी धुऊन, पुसून, गुंडाळून ठेवली, तर पुढच्या वर्षीही ती उपयोगी पडेल. दर वर्षी नवं फ्लेक्स छापायचं आणि जुनं ओढ्यात टाकायचं, हे काही सजावटीचं लक्षण नव्हे.

तुमच्या गावातून पालखी जात नसेल, तरी पाटीला विषय पुष्कळ आहेत. शाळेच्या नळावर ‘नळ बंद करा’, दवाखान्याच्या दारावर ‘शांतता राखा’, वाचनालयात ‘पुस्तके येथे परत करा’. या आठवड्यात यांपैकी एक पाटी करा. संगणक नसेल, तर घोटीव कागदाच्या तीन थरांची करा. तीही तितकीच छान दिसते. आजीच्या परीक्षेत पहिल्या फेरीला काय झालं आणि मग तुम्ही कुठला अलंकार उतरवला, ते पाटीच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढच्या पाटीच्या वेळी तेच टिपण तुमचं गुरुजी होईल.